न झालेल्या स्टेशनची पाटी

पाटी मी रंगवलेली, हे आधी सांगून टाकतो. बाकीचं मागाहून.

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही चौथीत दोनदा बसून. बायको मात्र फायनल पास होती, म्हणजे सातवी. त्या काळात सातवी पास बाईला शाळेत मास्तरीण म्हणून घ्यायचे, आणि ती मास्तरीण होती. मी काही लिहिलं की तिला दाखवायचो, ती ऱ्हस्वदीर्घ नीट करून द्यायची. गेल्या माघात ती गेली. आता यात चुका राहिल्या तर तशाच राहणार.

मी रेल्वेच्या शेडमध्ये पेंटर होतो, कल्याणच्या बाजूला. खांब, फाटकं, बाकडी रंगवायची आणि स्टेशनांच्या नावांच्या पाट्या लिहायच्या. लोकांना वाटतं पाटी लिहिणारा माणूस शिकलेला असतो. तसं काही नसतं. आम्हाला अक्षर म्हणजे चित्र. वरून कागद यायचा, त्यावर नाव असायचं. इंग्रजी अक्षरांचे पत्र्याचे साचे शेडमध्ये होते. मराठीचे होते ते वाकलेले, तुटलेले. म्हणून कागद मी घरी न्यायचो. बायको मोठ्या खाकी कागदावर पट्टीने रेघा मारून नाव काढून द्यायची. त्या रेघांवर मी सुईने भोकं पाडायचो. मग कागद पाटीवर चिकटवायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटत जायची. कागद काढला की ठिपक्याठिपक्यांनी नाव उमटलेलं. त्यात रंग भरला की झालं. शेडमध्ये सगळे म्हणायचे, पेंटरचं अक्षर काय सुरेख! ते कुणाचं आहे, हे मी कधी बोललो नाही.

आम्ही ठाण्यात कोपरीला राहायचो. चाळीतली एक खोली, पाच मिनिटांवर मुलींची शाळा. बायको पहिली-दुसरीला शिकवायची. सकाळी निघताना ती पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायची आणि एकदम दुसरीच बाई दिसायची. वाटेत मुली "बाई, बाई" करत मागे लागायच्या. चाळीतले लोक मला विचारायचे, "काय पेंटर, गृहपाठ झाला का? की आज पट्टी खाणार?" मी हसायचो. आतून हसू येत नव्हतं, एवढं इथे लिहून ठेवतो.

स्वातंत्र्य आलं, फाळणी झाली. माणसं इतकी आली की ठाण्यात खोली मिळेना. आमच्या एका खोलीत आम्ही दोघं, मुलगी, आणि गावाहून कोणी ना कोणी. त्याच वेळी काही कारकून आणि कामगार मंडळींनी सोसायटी काढली. डोंबिवलीच्या अलीकडे, रेल्वेलाइनला लागून भातशेतीची जमीन घेतली. प्लॉट पाडले, पण ते खपेनात. कारण डोंबिवली स्टेशन गाठायचं तर खाजणातल्या बांधावरून पाऊण तास चालायचं. खाजण म्हणजे खाडीचं पाणी शिरतं ती दलदल. सेक्रेटरी सगळ्यांना सांगायचे, "तिथे स्टेशन मंजूर झालंय." लोक म्हणायचे, "हो का? बरं बरं."

एका होळीनंतर माझ्याकडे नवा कागद आला. नेहमीसारखा बायकोला दिला. तिने पट्टी लावली, पेन्सिल उचलली आणि थांबली.

"अहो, हे तर तुमच्या त्या सोसायटीच्या जागेचं नाव."

"बघू?" म्हणालो. कागदावरचं ते कारकुनी अक्षर मला कुठलं लागायला! पण तिने बोट ठेवून वाचून दाखवलं. नाव मी इथे लिहीत नाही. तिथे अजून माणसं राहतात आणि त्यांच्या घरातल्या जुन्यांना मी ठाऊक आहे.

तिने नाव काढून दिलं. इतकं डौलदार अक्षर तिने आधी काढलेलं नव्हतं. मी रंग भरला. वाळल्यावर चार पावलं मागे जाऊन पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. सरकार पाटी रंगवून घेतंय म्हणजे आणखी काय हवं? दुसऱ्याच दिवशी मी सेक्रेटरीकडे गेलेलो, प्लॉट माझ्या नावे ठेवा सांगायला. बायकोला नंतर सांगितलं.

"पाटी झाली म्हणजे गाडी थांबली का?" ती म्हणाली.

"अगं, सरकारी पाटी आहे. गंमत म्हणून रंगवतात का?"

"आधी गाडी थांबू दे. मग जाऊ. माझी शाळा इथे आहे."

"तोवर प्लॉट राहील का?"

"नाही राहिला तर नाही."

मी ऐकलं नाही. नुसतं ऐकलं नाही असं नाही, लोकांनाही ओढलं. सेक्रेटरी सुट्टीच्या दिवशी माणसं घेऊन आमच्या खोलीवर यायचे. "यांच्या तोंडून ऐका," म्हणायचे. मग मी हात पुढे करायचो. नखांत रंग असायचाच. "हा बघा, तुमच्या स्टेशनचा रंग," मी म्हणायचो. तो त्याच पाटीचा होता की कुठल्या फाटकाचा, देव जाणे. लोक माझ्या नखांकडे बघायचे. दोन महिन्यांत एक प्लॉट शिल्लक राहिला नाही. आमच्या शेडमधलेच चार जण त्यात होते. मला आयुष्यात पहिल्यांदा लोक खुर्ची देत होते.

घरं बांधली ती सगळी स्टेशनकडे तोंड करून. ही अक्कल कुणा एकाची नव्हती, सगळ्यांचीच होती. स्टेशनवरून माणूस आला की समोर दार दिसलं पाहिजे. सोसायटीचा मोठा रस्ताही नकाशावर सरळ लाइनकडे नेला आणि तो जाऊन खडीच्या भरावाला टेकला. तिथे जिना होणार होता. कोपऱ्यावर दुकानांसाठी दोन गाळे बांधले, एक वाण्याला, एक इस्त्रीवाल्याला. कोणी आलं नाही. पुढे त्यात पेंढा भरला. गाव होतं मागे आणि विहीरही मागे. मागचं दार मात्र कुणी ठेवलंच नव्हतं. बायका हंडा घेऊन घराला पूर्ण वळसा घालून पाण्याला जायच्या. शेजारच्या शेताचा आगरी मालक रोज बैल घेऊन जाताना विचारायचा, "टेसन आला का नाय अजून?"

"येतोय, येतोय."

"मंग दार उघडाच ठेवा."

राहायला जायच्या आधी बायकोने शाळेतल्या मोठ्या बाईंना, म्हणजे हेडमास्तरणींना, विचारलं. रोज पाऊण तास चालून गाडी धरायची आणि अकराच्या ठोक्याला वर्गावर उभं राहायचं, हे जमणारं नव्हतं. मोठ्या बाई म्हणाल्या, "जून ते जून. एक वर्ष तुझी जागा मी धरून ठेवते. त्याच्यापुढे मला वरचे विचारतील." त्यांनी तिला जवळजवळ मुलीसारखं मानलेलं. वर्षभरात स्टेशन होईल असं मीच सांगितलेलं, बायकोने तेच त्यांना सांगितलं. पाटी रंगवल्याच्या दुसऱ्या वर्षी, मे महिन्यात, आम्ही सामान हलवलं.

ते वर्ष पुरं व्हायच्या आत, दिवाळी झाल्यावर, शेडमध्ये मिस्त्री माझ्याकडे आला. पाटी तेव्हा भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी येता-जाता तिच्यावरची धूळ पुसायचो.

"ती खरवड," मिस्त्री म्हणाला. "तिच्यावर दुसरं नाव घालायचंय."

"आणि हे स्टेशन?"

"ते काम थांबवलंय."

"किती दिवस?"

"मला काय विचारतो? मी काय मंत्री आहे? खरवड म्हटलं ना."

मी खरवडली. हात चालत नव्हता, त्यामुळे नीट नाही खरवडली. जाड रंग होता, अक्षरांच्या कडा तशाच राहिल्या. त्यावर जमिनीचा, म्हणजे अक्षरांच्या मागचा, रंग फिरवला. नव्या नावाचा कागद आला तो मी घरी नेला नाही. हापिसातल्या कारकुनाकडून नाव काढून घेतलं. त्याची वेलांटी म्हणजे वाकलेला खिळा. तेच रंगवलं.

घरी गेलो आणि काही बोललो नाही.

बोललो असतो तर काय झालं असतं, याचा हिशेब मी खूप वर्षं केला. सोसायटीतले लोक तोंडावर थुंकले असते. थुंकू देत. पण मार्गशीर्षात कोपरीहून मालकिणीचा निरोप आला की तुमची जुनी खोली पुन्हा रिकामी झाली आहे, यायचं असेल तर कळवा. बायकोने विचारलं, "काय करू या? जूनपर्यंत स्टेशन नाही झालं तर?" मी म्हणालो, "होईल गं. आता परत जायचं म्हणजे लोक हसतील." ज्या हाताने पाटी खरवडली त्याच हाताने मी तेव्हा पान लावत होतो. तिने मालकिणीला नको म्हणून कळवलं. खोली दुसऱ्याला गेली.

पौषात सोसायटीची मीटिंग झाली. लोक चिडलेले. सेक्रेटरींनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "पेंटर, पाटी आहे ना शेडमध्ये?"

"आहे," मी म्हणालो.

पाटी होतीच. तिच्यावर काय आहे ते कुणी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही. लोक शांत झाले, चहा प्याले. बायको इतर बायकांबरोबर मागे बसलेली. तीसुद्धा शांत झाली.

चैत्रात मोठ्या बाईंचं कार्ड आलं. जूनला येतेस की जागा सोडू, नक्की कळव. बायकोने मला वाचून दाखवलं आणि दौत पुढे घेतली.

"काय लिहू?"

"येते म्हणून लिही."

"नक्की? होईल जूनपर्यंत?"

"पाटी तयार आहे ना."

"पाटी तयार होऊन दोन वर्षं झाली."

"म्हणूनच. आता किती लांबवतील?"

तिने लिहिलं. ते कार्ड मी स्वतः डोंबिवलीला जाऊन पेटीत टाकलं. म्हणजे त्यातही माझाच हात.

जून आला. ती कामावर जायला लागली. पहाटे उठून स्वयंपाक करायची, मुलीला शेजारणीकडे ठेवायची आणि सातला बाहेर पडायची. पाऊस लागला तसा बांध पाण्याखाली गेला. मग गावातून फिरून, चिखलातून, डोंबिवलीला जायला दीड-दोन तास. कोपरीला पोचून ती आधी जुन्या चाळीत शेजारणीकडे जायची, लुगडं बदलायची, पाय धुवायची आणि मग शाळेत. अकरा दिवस तिने असं केलं. त्यातले चार दिवस वर्ग सुरू झाल्यावर पोचली. बाराव्या दिवशी अर्ध्या वाटेवर कमरेइतकं पाणी होतं, ती परत फिरली. तेराव्या दिवशी मोठ्या बाईंनी तिला खोलीत बोलावलं. म्हणाल्या, "तुझा दोष नाही गं. पण चाळीस पोरी नुसत्या बसून राहतात." जागा दुसऱ्या बाईला दिली.

संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा ती ओट्याशी होती. तिने जे झालं ते सांगितलं, रडली नाही.

मी म्हणालो, "बरं झालं. पायपीट वाचली तुझी." आणि भाकरी गरम आहे का विचारलं.

ती गरम होती.

त्या थंडीत आम्ही एका लग्नाला चाललेलो, कल्याणच्या पुढे. मधल्या एका लहान स्टेशनावर गाडी उभी राहिली. उतरतं ऊन पाटीवर आडवं पडलेलं. बायको खिडकीशी होती. तिने पाटी वाचली आणि म्हणाली, "हे अक्षर तुम्हाला कुणी काढून दिलं?"

मला वाटलं वेलांटीला हसते आहे. "हापिसातल्या कारकुनाने," म्हणालो.

"कधी?"

"मागल्या वर्षी, दिवाळीनंतर."

ती अजून बघतच होती. मग मीही बघितलं. आडव्या उन्हात नव्या नावाच्या खालून जुन्या अक्षरांच्या कडा उठून दिसत होत्या. दुसऱ्या कुणाला त्या रेघोट्या वाटल्या असत्या. तिने त्या पट्टीने आखलेल्या होत्या. गाडी हलली. तिने डबा उघडून मुलीला लाडू दिला, मला दिला. लग्नात ती सगळ्यांशी हसून बोलली.

पुढच्या पंधरवड्यात मी नवा कागद घेऊन घरी आलो, तर ती चूल सारवत होती. वर न बघता म्हणाली, "त्या कारकुनालाच द्या. त्याचा हात बसला असेल आता."

त्यानंतर तिने मला एकही नाव काढून दिलं नाही. बाकी सगळं केलं. माझी पत्रं लिहून दिली, चुका काढल्या, आजारपणं काढली. पण नाव नाही. शेडमध्ये लोक म्हणायला लागले, पेंटरचा हात गेला. मी म्हणायचो, डोळे गेले.

स्टेशन त्या जागी झालंच नाही. सोसायटीतले काही प्लॉट विकून गेले, काही राहिले. पुढे रस्ता झाला, बस आली, लोकांनी भिंती फोडून मागची दारं काढली. सेक्रेटरी सोडून जाताना माझ्या दारात आले. मला वाटलं शिव्या देतील. नुसतं म्हणाले, "पेंटर, आम्ही तुमच्या नखांवर घरं बांधली हो." तेव्हाही पाटी खरवडल्याचं मी त्यांना सांगितलं नाही.

काही वर्षांनी सोसायटीने दोन वर्गांची शाळा काढली, त्याच रिकाम्या गाळ्यांत. पेंढा काढून चुना मारला. तीन-चार जण घरी आले. "वहिनी, तुम्ही आधी शिकवायचात म्हणे. आमची पोरं घ्या की." ती म्हणाली, उद्या सांगते. ते गेल्यावर मला विचारलं, "तुमचं काय मत?"

"तुझी मर्जी," मी म्हणालो.

ती थोडा वेळ उभी राहिली. मी पेपर उघडला. मला वाटलं, मी मोठ्या मनाने बोललो. आता कळतं, तिला "जा" ऐकायचं होतं. त्या एका शब्दाची ती वाट बघत होती आणि मी तो गिळला. दुसऱ्या दिवशी तिने त्यांना सांगितलं, "सवय गेली हो आता." तेव्हा ती चाळिशीचीसुद्धा नव्हती.

मग बरीच वर्षं गेली. मुलीचं लग्न झालं, मी रिटायर झालो. गेल्या श्रावणात एका दुपारी आम्ही दोघं मोड आलेले वाल सोलत बसलेलो, बिरड्यासाठी. तिची तब्येत खालावलेली, पण वाल तीच सोलणार. मला काय झालं कोण जाणे, मी एकदम बोलून टाकलं. म्हणालो, "ती पाटी मी दिवाळी झाल्या झाल्याच खरवडलेली. जूनच्या आधी सहा-सात महिने मला ठाऊक होतं. तुला कोपरीला परत जाता आलं असतं. मी बोललो नाही."

ती सोलतच होती. म्हणाली, "ते मला गाडीतच कळलं. पाटीचं काही नाही. लोकांना तोंड कसं दाखवायचं म्हणून तुम्ही गप्प बसलात, ते मी समजून घेतलं."

मला हलकं वाटलं. खोटं नाही सांगत, वाटलं. मी म्हणणार होतो की माझं चुकलं. तेवढ्यात ती म्हणाली, "पण शाळा सुटली ते सांगितलं ना तुम्हाला, तेव्हा तुमचं तोंड बघितलं मी. तुम्हाला बरं वाटलेलं."

नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. आणि म्हणता येईना. कारण तिचं खरं होतं. त्या संध्याकाळी ओट्याशी ती बोलत होती तेव्हा मला खरंच बरं वाटलेलं. स्टेशनची चिंता, लोकांची लाज, ते सगळं होतंच. पण त्याच्या तळाशी हेही होतं, की आता ती घरी असेल, पदर एका खांद्यावर असेल आणि कोणी मला गृहपाठ विचारणार नाही. हे मी स्वतःलासुद्धा कधी सांगितलेलं नव्हतं. तिला मात्र इतकी वर्षं ठाऊक होतं. त्यावरच तिने मला जेवू घातलं.

"बोला ना," ती म्हणाली. रागाने नाही. खरंच विचारत होती, वर्गातल्या पोरीला विचारावं तशी.

मी काही बोललो नाही. पुढे माघापर्यंत पाच-सहा महिने होते. रोज तिच्या खाटेशी बसायचो, औषध द्यायचो, पाय चेपायचो. ती पुन्हा विचारायची नाही. हो म्हणायला एक शब्द पुरला असता. तो मी आज इथे लिहितो आहे, आणि वाचायला ती नाही.